फातीची गाठ

गोवा घटक राज्य झाले त्या वर्षी नवऱ्याने परदेशातल्या कुठल्याशा बंदरातून एक पेटी आणली. आत लाकडी पट्ट्या, काड्या, दोरे आणि एक नकाशा. जोडून शिडाचे छोटे जहाज आपणच करायचे. बोटीवर नोकरीला असलेल्या या माणसाने पहिलीच पट्टी वाकवताना मोडली, पेटी कपाटावर टाकली आणि रजा संपताच निघून गेला.

पेडण्याच्या घरात मी आणि सासूबाई उरलो. मोडलेली पट्टी चिकटवून बघावी म्हणून मी पेटी खाली काढली, ती दहा महिने परत वर गेली नाही. नकाशातली भाषा कळत नव्हती, चित्रे कळत होती. न्हाणीतल्या कढत पाण्यात पट्ट्या भिजवल्या की मुकाट्याने वाकायच्या. दोऱ्यांच्या शिड्या मात्र जमेनात, गाठी सुटायच्या. जेवण आटोपून शेजारी बसलेल्या सासूबाई एकदा म्हणाल्या, अबोलीच्या फुलांची फाती गुंफताना मारतेस ती गाठ मारून बघ. लग्न होऊन आले तेव्हा त्यांनीच शिकवली होती. मारली, घट्ट बसली. तशा शेकडो मारल्या. त्या घरात पहिल्यांदाच एखादी वस्तू मला माझी वाटली.

नवरा आला, बरे जमले म्हणाला आणि त्याने जहाजासाठी सुताराकडून काचेचे कपाट करून घेतले. रविवारी त्याचे मित्र आले. मराठी की कोंकणी यावर घसा बसेपर्यंत भांडले. मला कुठल्याच भाषेत कोणी काही विचारले नाही. मग एकाचे लक्ष जहाजाकडे गेले. रजेत वेळ जाईना म्हणून केले, असे नवरा बिनदिक्कत म्हणाला. मी चहाचा ट्रे धरून उभी. एवढ्या बारीक गाठी मारल्या कशा, मित्राने विचारले.  नवऱ्याने दाराशी बसलेल्या आईकडे बघितले, मीही बघितले. आता त्या बोलतील, अशी माझी खात्री होती.

त्या बोलल्याच. "फातीची गाठ ती. माझ्या झिलाक मियांच शिकयलंय." मुलाला म्हणे त्यांनीच शिकवली.

नवऱ्याचा राग मला तितकासा आला नाही, तो तसलाच. सासूबाईंचे बोलणे मात्र सहन झाले नाही. मी ट्रे ठेवला आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी अबोलीची परडी माझ्याकडे सरकवली. देवाला फाती कर म्हणाल्या.

"आई, माका गुंफूक येना," मी म्हटले. "तुमच्या झिलाक सांगा."