अठरा आणि बावीसच्या मधे

शेजारच्या चावीवाल्या भाऊजींचं आणि वहिनींचं भांडण मी भिंतीला कान लावून ऐकलं, हे कबूल करते. तीस वर्षं झाली त्याला. त्यासाठी गॅससुद्धा बारीक केला होता.

वहिनी कडाडल्या, “लेक तापाने फणफणलीय आणि तुम्ही निघालात पाणी सोडायला! दुसरं माणूस नाही का?”

“आहे. पण त्याला आटे ठाऊक नाहीत.”

“मग लग्नही त्या चावीशीच लावायचं होतं!”

दार आपटलं. तासाभराने आमच्या नळाला पाणी आलं. मी मुकाट्याने भरून घेतलं.

तर असे हे भाऊजी. खांद्यावर पुरुषभर उंचीची लोखंडी चावी घेऊन गल्लोगल्ली फिरायचं, रस्त्यातलं झाकण उचलायचं, आत चावी घालून व्हॉल्व्ह उघडायचा, वेळ झाली की बंद करायचा. एक फेरा म्हणजे एक आटा. खालच्या गल्लीचा व्हॉल्व्ह बावीस आटे आवळला, तरच पाणी चढावरच्या इस्पितळापर्यंत पोचतं. हा हिशेब कुठे लिहिलेला नाही, त्यांना तोंडपाठ; फिरवताना तोंडाने मोजायचं.

त्यांच्या निवृत्तीला महिना उरला, तेव्हा माझ्या नातीने त्यांच्यावर डॉक्युमेंटरी काढायला घेतली. तिची पहिलीच. पाणीखात्याकडे परवानगीचा अर्ज दिला होता; उत्तर आलं नाही, तरी आमच्या बाईसाहेब कॅमेरा घेऊन निघाल्यासुद्धा. भाऊजी रोज नवा शर्ट घालून तयार. वहिनी म्हणाल्या, “माझ्या लग्नात एवढे नटले नव्हते.”

अकराव्या दिवशी इस्पितळाचे नळ कोरडे पडले. ऑपरेशनच्या टेबलावर घेतलेली बाई दोन तास तशीच थांबवावी लागली. ती वाचली, पण पाणीखात्याच्या साहेबांनी भाऊजींना दुसऱ्या दिवशी अकराला बोलावलं. निलंबनाचा कागद तयार होता म्हणे. निवृत्तीला एकोणीस दिवस राहिले असताना.

नातीने लॅपटॉप उघडला. भाऊजींच्या शर्टाच्या बटणाजवळ लावलेल्या माइकमध्ये सगळं आलं होतं. मी शेजारी बसले.

“सोळा… सतरा… अठरा…”

मग हिचा आवाज, “काका, इतकी वर्षं हेच करून कंटाळा नाही आला?”

भाऊजी हसले. “कंटाळा? अगं, मी घरी बसलो तर तुझी आजी अंघोळ कशाने करेल?” आणि चावी बाहेर काढल्याचा खणखणाट. अठरानंतरचे चार आटे राहूनच गेले होते.

नातीने तेवढंच चारदा ऐकलं. चेहरा पांढराफटक.

“आजी, हे दाखवलं तर माझी फिल्म संपली. परवानगीच नव्हती.”

“आणि नाही दाखवलं तर?”

तिने लॅपटॉप मिटला.

सकाळी मी भाऊजींना गाठून रेकॉर्डिंगचं सांगितलं, तर म्हणाले, “तू यात पडू नकोस. पोरीची पहिलीच फिल्म आहे. चूक माझ्या हातून झाली.”

साडेदहाला ती चपला घालून उभी. “आजी, चल.”

साहेबांच्या खोलीत भाऊजी हात बांधून उभे होते. आम्हाला पाहून त्यांनी डोळे वटारले. नातीने लॅपटॉप टेबलावर ठेवला. साहेबांनी ऐकलं, पुन्हा ऐकलं.

“हे कुणाच्या परवानगीने?”

“कुणाच्याच नाही. मधे मी बोलले, सर. मोजत असताना.”

“तरी चूक यांचीच.”

“माझीच,” भाऊजी म्हणाले.

साहेबांनी पेन उचललं. त्यांनी तयार कागद बाजूला सारला आणि कोऱ्यावर लिहिलं: लेखी ताकीद. मग नातीकडे वळले. “आणि हे सगळं माझ्यासमोर पुसायचं. अकराच्या अकरा दिवस.”

तिचं बोट बटणावर किती वेळ थांबलं! मी दुसरीकडे पाहिलं. टिक झालं, एवढंच ऐकलं.

जिन्यात भाऊजी म्हणाले, “सगळं गेलं? माझा निळा शर्टही?”

ती रडता रडता हसली. परवा नव्या विषयासाठी निघताना तिने एक वही घेतली. कॅमेऱ्याआधी आठ दिवस नुसतं बघणार म्हणे, तोंड मिटून. आमच्या घराण्यात हे नवीनच.

भाऊजींचा शेवटचा दिवस मंगळवार होता. पहाटे झाकण सरकल्याचा आवाज आला. मी बादली लावली. नळ खाकरला, पाणी आलं. खिडकीतून विचारलं, “भाऊजी, चहा घेता?”

“वरची गल्ली राहिलीय,” म्हणाले, आणि चावी खांद्यावर टाकून चढाला लागले.