रूम नंबर सहाचं कपाट

"मेस्त्री, माप नंतर घ्या. आधी ही मुलगी इथून जाऊ दे, मग कपाटाचं बघू."

सेक्रेटरी अण्णा रूम नंबर सहाच्या दारात नाकाला रुमाल लावून उभे होते. उंबरा ओलांडायला तयार नव्हते. मी आत, हातात टेप. आणि ज्या मुलीबद्दल ते बोलत होते ती खाटेवर बसून मान खाली घालून लिहीत होती. म्हणजे लिहायचं सोंग करत होती. पेन हलत नव्हतं.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकातली. रत्नागिरीतलं एक मुलींचं हॉस्टेल. संस्थेचं नाव सांगत नाही, त्यातली माणसं अजून बाजारात भेटतात. मी तेव्हा मुंबईहून इंटिरिअरचा डिप्लोमा करून, तिथल्या एका फर्मची नोकरी सोडून गावी परतलो होतो. मांडवीकडे जाणाऱ्या रस्त्यावर गाळा घेतला आणि 'इंटिरिअर डेकोरेटर' अशी ऐटीत पाटी लावली. लोक पाटी वाचायचे, आत यायचे आणि विचारायचे, "पाटाचा पाय निखळलाय, बसवून द्याल काय हो?" वडील, आजोबा सुतार, त्यामुळे 'मेस्त्री' काही सुटलं नाही. मीही पाय बसवून द्यायचो. पोट कुणाला चुकलंय?

हॉस्टेल म्हणजे संस्थेला दान मिळालेलं जुनं कौलारू घर. जांभ्याच्या जाड भिंती, खोलीत तीन-तीन खाटा. मुलींचे कपडे ट्रंकेत, खिडकीच्या गजांवर, दोरीवर, उशीखाली. रेक्टर मालतीबाई कधीपासून संस्थेच्या मागे लागल्या होत्या की मुलींना सामान ठेवायला धड जागा द्या. शेवटी बजेट मंजूर झालं. काम माझ्याकडे आलं, आणि आकडा ऐकून मी अण्णांना म्हटलं, "एवढ्या पैशात सगळ्या खोल्यांची कपाटं होणार नाहीत. फार तर दारं होतील."

"मग दारंच करा," अण्णा म्हणाले. मला वाटलं चेष्टा करतायत. नव्हते करत.

त्यांची योजना अशी. भिंतीत जुने मोठे कोनाडे होतेच. त्यांच्या पाठीला प्लाय ठोकायचं, आत दोन फळ्या टाकायच्या, पुढे दार आणि कुलूप. झालं कपाट. रूम नंबर सहामध्ये त्याच उन्हाळ्यात कुणाकडून तरी तसं एक करूनही घेतलं होतं. "स्वस्तात मस्त," अण्णा म्हणायचे.

आता कपाट म्हटलं की लोक दारापासूनच सुरुवात करतात. दार कसलं, त्याला सनमायका कुठला, मूठ कसली. आमच्या धंद्यात उलटं असतं. आधी आत काय ठेवायचंय ते बघायचं. कपाटाच्या खर्चातला मोठा घास दारं, बिजागऱ्या आणि कुलपं खातात. फळी त्यामानाने गरीब असते बिचारी. म्हणून हात आखडता असेल तर पहिलं दारावर पाणी सोडावं.

मी मालतीबाईंना म्हटलं, एका खोलीतल्या मुलींना सगळं सामान खाटेवर मांडायला सांगा. त्यांनी सांगितलं. मुली लाजल्या, हसल्या, पण मांडलं. दोन-तीन पंजाबी ड्रेस, समारंभासाठी आईची एखादी साडी, टॉवेल, पुस्तकं, तेलाची बाटली, पावडरचा डबा, घरून आलेला लाडवांचा डबा. हँगरला लावण्यासारखं जवळजवळ काही नाही. हे फार महत्त्वाचं. हँगरला कपाट दोन फूट खोल लागतं. घडीच्या कपड्यांना सव्वा फूट पुरतं. लाकूड तिथेच वाचलं.

माझ्यापुढे तीन वाटा होत्या. कोल्हापूरहून लोखंडी लॉकर आणायचे. दिसायला झकास, पण निम्म्याच मुलींना पुरले असते आणि आमच्या खाऱ्या हवेत त्यांना गंज चढायला कितीसा वेळ? दुसरी वाट अण्णांच्या कोनाड्यांची. तिसरी माझी. किंजळीच्या लाकडाची उघडी रॅक, आणि फळ्यांच्या जागी पोफळीच्या रिपा. पोफळ म्हणजे सुपारीचं झाड. त्याचं खोड उभं चिरून ज्या पट्ट्या निघतात त्या रिपा. आमच्याकडे मांडवाला, कुंपणाला वापरतात. रंधा मारून, काचपेपरने घासून बोटभर अंतर ठेवून बसवल्या की खालूनवरून वारा खेळतो. पुढे पडदा. आणि पैसाअडका ठेवायला प्रत्येकीला एकच छोटा कुलपाचा ड्रॉवर.

"उघडी रॅक?" अण्णा भडकलेच. "मुलींचे कपडे काय जत्रेत मांडायचेत?"

"पडदा आहे ना."

"तुम्हाला दारांचं वावडं आहे, मेस्त्री. शनिवारी मीटिंग आहे, तिथे ठरेल."

त्याच मीटिंगमध्ये दुसराही विषय होता. तो म्हणजे ही खाटेवरची मुलगी.

तिचं नाव हेमा. आंजर्ल्याकडची. वडील होडीवर, आई मासळी विकायची. घरातली कॉलेजात गेलेली ती पहिलीच, सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला. पावसाळा लागल्यापासून तिच्या कपड्यांना वास येतो अशी तक्रार होती. खोलीतल्या मुली नाक मुरडायच्या, वर्गात शेजारी कुणी बसेना. हॉस्टेल शाकाहारी. ही चोरून सुकी मासळी आणून कपाटात ठेवते, असं सगळ्यांनी ठरवूनच टाकलं होतं. दोनदा झडती झाली, काही सापडलं नाही. तर म्हणे, खाऊन संपवली असेल! शनिवारी तिला हॉस्टेल सोडायला सांगायचं होतं. रत्नागिरीत तिचं कुणी नव्हतं. हॉस्टेल गेलं की कॉलेज गेलं, आणि कॉलेज गेलं की वर्षाच्या आत लग्न. हे मालतीबाईंनी मला जिन्यात सांगितलं.

अण्णा खाली गेल्यावर मी परत टेप उघडला. मालतीबाई दारात उभ्या राहिल्या. हेमाने वही मिटली आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली, "सर, हा वास मासळीचा नाय."

"मग कसला?"

"ते मला ठाऊक नाय. पण सुक्या मासळीचा वास मला ठाऊक आहे. आमच्या वळईत सुक्या मासळीच्या राशीतच जन्म गेला माझा. हा तो नाय. मी बाईंना सांगितलं, अण्णांना सांगितलं. मी सांगून कोण ऐकतंय?"

मी विचारलं, "गेल्या वर्षी यायचा?"

"गेल्या वर्षी दुसऱ्या खोलीत होते. तेव्हा कोण काय बोललं नाय. यंदा एस.टी. बंद पडली, उशिरा पोचले, तर खिडकीपासून लांबची ही खाट आणि हे कपाट राहिलं होतं. सगळ्यांना वाटलं मी नशीबवान, दाराचं कपाट मिळालं."

मी ते कपाट उघडलं. आणि खरं सांगतो, लहानपणीचं आमचं परसच समोर उभं राहिलं. वडील चुलीवर सरस शिजवायचे. सरस म्हणजे जनावरांची हाडं नि कातडी उकळून केलेला डिंक. डब्यातला पांढरा गोंद यायच्या आधी सगळं फर्निचर त्याच्यावरच जोडलेलं असे. सुकला की दगडासारखा, वास नाही की काही नाही. पण ओल लागली की कुजतो. आणि मग जो वास सुटतो! आई वडिलांना डब्यासकट घराबाहेर काढायची.

हात लावून बघितलं. पाठीचं प्लाय मऊ पडलं होतं. मागची भिंत पावसात पाझरत होती, ओल प्लायमध्ये शिरली होती, आणि ते प्लाय भिंतीवरच्या लाकडी पट्ट्यांना, स्वस्त म्हणून, भरपूर सरस थापून चिकटवलेलं. वरून घट्ट दार. पोर बिचारी कपडे धुवायची, वाळवायची, घडी घालून परत त्याच कपाटात ठेवायची. मग वास येणार नाही तर काय अत्तर येणार?

मला असा काही राग आला. मी पटाशी घातली आणि एक मोठा तुकडा उचकटून काढला. मालतीबाई घाबरून म्हणाल्या, "अहो, अण्णांना विचारा तरी!"

"विचारतो ना. शनिवारीच विचारतो."

शनिवारी मी तो तुकडा वर्तमानपत्रात गुंडाळून नेला आणि मीटिंगच्या टेबलाखाली, अण्णांच्या पायाशी ठेवला. कमिटीची माणसं चारपाचच. चहा आला. माझी कोटेशनं वाचून झाली. हेमा बाहेर बाकावर बसली होती, तिला नंतर आत बोलावणार होते. तेवढ्यात कमिटीतले एक डॉक्टर नाक चोळत म्हणाले, "इथेसुद्धा? अहो, त्या मुलीला जरा लांब बसवा."

"बघितलंत?" अण्णा माझ्याकडे वळले. "बाहेर बसलीय तरी इथवर येतोय. आम्ही काय उगाच बोलतो?"

मी पुडकं वर काढलं आणि टेबलावर सोडलं. सगळ्यांनी एकदम खुर्च्या मागे सरकवल्या.

"हे काय आणलंत, मेस्त्री? बोंबील?"

"तुमचं कपाट आणलंय," मी म्हटलं. "रूम नंबर सहाचं. स्वस्तात मस्त."

मग सरस म्हणजे काय ते सांगितलं. हाडांचं नाव काढताच अण्णांचा चहाचा कप अर्ध्यावरच थांबला. चाळीस वर्षांत अंड्याला हात न लावलेला माणूस तो.

डॉक्टर जरा हुशारीने म्हणाले, "पण वास मासळीचा नाही कशावरून?"

मालतीबाई उठल्या. एरवी मीटिंगमध्ये तोंड न उघडणारी बाई. त्यांनी दार उघडून हेमाला आत घेतलं. "हेमा, सांग गो. हा वास कसला?"

हेमा टेबलाशी आली. वाकली. तो तुकडा नाकाशी नेला आणि तिचा चेहरा एकदम बदलला. "हाच! माझ्या कपाटातला हाच तो. बाई, हा हितं कसा आला?"

"मासळीचा आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाय हो. सुकी मासळी उन्हात खडखडीत वाळवतात. तिचा वास खारट. हे कुजलंय. अशी मासळी माझ्या आईने आणली तर बाजारात तिच्या अंगावर फेकतील."

अण्णांनी कप बशीत ठेवला आणि म्हणाले, "दुसरा विषय पुढे ढकलू." तो पुढे कधी निघालाच नाही. तिची माफी कुणी मागितली नाही. "चुकलं हो बाळ," एवढंसुद्धा नाही. ते मला तेव्हाही लागलं, आजही लागतं.

रॅक मात्र मंजूर झाली. कोनाडे रिकामे करून सोडले. रॅक भिंतीपासून चार बोटं पुढे आणि जमिनीपासून वीतभर उंच ठेवली, म्हणजे ओल पोचायला नको. पडद्यांचं कापड मालतीबाईंनी मुलींना निवडू दिलं. त्यावरून खोल्याखोल्यांत कडाक्याची भांडणं झाली. बजेटात सगळं बसलं, सगळ्या मुलींना सारखं मिळालं. अण्णा एकदा माझ्या गाळ्यात आले. मला वाटलं, मुलीबद्दल काही बोलतील. इकडे तिकडे बघत हळूच म्हणाले, "मेस्त्री, आमच्या घरच्या देव्हाऱ्यात सरस नाही ना हो?" मी म्हटलं, "बघावं लागेल." आणि मुद्दामच बरेच दिवस बघायला गेलो नाही.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर हेमा गाळ्यात आली. हातात घट्ट बांधलेली पुडी. "आईने दिलेत. सोडे आहेत." सोडे म्हणजे सोलून वाळवलेली कोलंबी. आमच्याकडे त्या पुडीला मान आहे, कुणालाही देत नाहीत.

मी म्हटलं, "अगो, हे घेऊन एस.टी.तून आलीस? हॉस्टेलवर नेलं असतंस तर?"

"नेणार नाय. नियम तो नियम." मग जरा थांबून म्हणाली, "सर, पावसात दोनदा घरी गेले होते. दोन्ही वेळी मी घरात मासळीला हातच लावला नाय. आई ताट वाढायची, मी भात-ताक जेवायचे. डोकं दोन-दोनदा धुऊन निघायचे. तरी हितं आल्यावर वास आहेच. मलाच वाटायला लागलं, माझ्या अंगालाच असेल. आई म्हणाली, माझ्या हातचं तुला नको झालं काय गो?"

मी विचारलं, "आणि या सुट्टीत?"

"या सुट्टीत रोज. निघायच्या सकाळीसुद्धा जेवून निघाले." आणि हसली.

पुढे पुष्कळ कपाटं केली, मोठमोठ्या बंगल्यांची केली. लोक अजून पहिलं दारच विचारतात. मी त्यांना सांगतो, दाराचं नंतर बघू. आधी आत काय ठेवणार ते सांगा, मग भिंतीला हात लावून बघा, आणि वास येत असेल तर तो कसला हे ज्याला कळतं त्याला विचारा. त्यात काही खर्च येत नाही.