खोलीमागची लाल बोंडं

रियाधच्या हवेत ओला टॉवेल दोरीवर टाकेपर्यंत वाळून पापड व्हायचा. पाण्याचा पेला तोंडाशी नेईपर्यंत निम्मा रिकामा झालेला असायचा. अशा गावात कुणाच्या झाडाला बुरशी लागते, म्हणजे काहीतरी लपवाछपवी असणारच, हे मी तेव्हाच ताडलं.

दोन हजार चार-पाचचा सुमार. अल सुलैच्या गोदामांमागे आमचा कॅम्प. मी रत्नागिरीकडचा वेल्डर. शेजारच्या खाटेवर लातूरकडचा पाइप फिटर. खोलीमागे एसीचं पाणी ठिबकायचं, तिथे त्याने रंगाच्या रिकाम्या डब्यांत चार झाडं लावली होती आणि भोवती ओल्या गोणपाटाचा आडोसा केला होता. कामावरून आला की हातपाय धुण्याआधी हा आडोशात. एकदा मी फटीतून पाहिलं. बोटं पसरल्यासारखी, करवतकाठी पानं. गांजाच! झाडं ताडाएवढी, म्हणजे माझ्या खांद्यापर्यंत, पण घाबरलेल्या माणसाने टेप लावून मोजायचं नसतं. शेंड्यांना लाल बोंडं. गांजा लाल नसतो हे मला ठाऊक होतं. महागातला असेल, असं मी ठरवून टाकलं.

बोंडांवर राखाडी लव आली होती. हा गडी नखं कापायच्या कात्रीने एकेक सडका भाग काढून कागदात गुंडाळायचा आणि कागद खिशात घालायचा. कचऱ्यात का टाकत नाही? एका संध्याकाळी तो फोनवर बायकोला हळूच सांगत होता, ते मी ऐकलं, "बोंडांना बुरशी लागलीय. आठ दिवसांत काढतो. हितं कुणाला पत्ता नाही."

आठ दिवस! मला दहाव्या दिवशी सुट्टीवर निघायचं होतं. पासपोर्ट कंपनीच्या ऑफिसात होता, त्यावर शिक्का बसायचा होता. घरी माझी मुलगी चालायला लागली होती आणि मी तिचं तोंडही पाहिलं नव्हतं. गांजा सापडला तर तिथे माणूस आयुष्यातून उठतो, आणि सापडायचा तर खोलीतले चौघेही आत. हा जामिनावर मला सोडवायला येणार होता काय?

शुक्रवारी फिटर बाजारात गेला. मी चारही झाडं बुडापासून कापली, तांदळाच्या पोत्यात कोंबली आणि रस्त्यावरच्या कचराकुंडीकडे निघालो. हुशारी एवढी केली, पण तांब्याची केबल चोरीला जाते म्हणून गेटवर प्रत्येक पोतं उघडतात, एवढंच विसरलो.

गेटवरचा सुदानी पहारेकरी अडीच माणसांएवढा. त्याने पोत्यात हात घातला, फांदी वर काढली, वास घेतला. मला माझी मुलगी दिसली, मोठी झालेली, माझ्याशिवाय. मग त्याने एक बोंड तोडून तोंडात टाकलं.

"करकदे," तो म्हणाला आणि पेला तोंडाला लावल्याची खूण केली. हिंदीत समजावून सांगितलं की याचं लाल सरबत त्याच्या गावी लग्नात पितात. तोंडातलं बोंड बुरशीचं निघालं, ते मात्र त्याने थुंकलं आणि मी खराब माल विकायला निघालोय अशा नजरेने मला न्याहाळलं.

पोतं घेऊन परत आलो तर फिटर दारात. मी तोंड उघडण्याआधीच त्याने पोत्यात पाहिलं.

"भाऊ, अंबाडी हाय ही," तो म्हणाला. "भाजी करतेत. तुमच्याकडं खात नाहीत व्हय?"

मी कोकणातला, अंबाडीची जुडी पाहिली असेल, झाड कशाला पाहायला जातो? मग एवढी चोरी कशाला, असं मीच उलट दरडावलं. तर म्हणे, आधी मेथी लावली होती, ती बोटभर वाढायच्या आत बावीस जणांनी ओरबाडली. बुरशीचे कागद तो बाहेर लांब टाकून यायचा, बाकीच्या बोंडांना लागू नये म्हणून. आणि गोणपाट ओलं ठेवल्यामुळेच ती लागली, हेही त्याला कळत होतं. पण गोणपाट काढलं की कॅम्पाला दिसणार.

शिव्या दिल्या नाहीत त्याने. जमिनीवर बसून चांगली बोंडं एकीकडे, सडकी दुसरीकडे करू लागला. मीही बसलो. त्या दुपारी लसणाची फोडणी देऊन त्याने पानांची आंबट भाजी केली आणि पहिलं ताट माझ्यापुढे ठेवलं.

एवढं नुकसान करून पहिलं ताट मला? मी ताट हळूच त्याच्याकडे सरकवलं. त्याने चार घास खाल्ले, त्याचे डोळे तारवटतात का ते मी बघत राहिलो, आणि मग जेवायला लागलो.