ताटात वाढलेलं, पोटात गेलेलं

गेल्या वर्षी मी तुमच्याकडे आले होते तेव्हा एक गोष्ट रोज घडायची. जेवणं झाली की तुमची आई तुमची ताटं उचलायची, उरलेलं सगळं कचऱ्याच्या डब्यात सारायची, आणि मी उठून दुसऱ्या खोलीत जायचे. अन्न टाकलेलं आजीला सोसत नाही, असं तुम्ही दोघं एकमेकांत बोललात. ते मी ऐकलं. पण तसं नव्हतं. मला तेव्हा माझ्या हातून घडलेलं काहीतरी आठवायचं आणि ते आठवत असताना तुमच्या आईसमोर बसणं मला जमायचं नाही. आज ते तुम्हाला लिहून कळवते. तुम्ही मराठी हळू वाचता, म्हणून वाक्यं लहान ठेवते.

तुमची आई तेव्हा चार वर्षांची होती. एकोणीसशे ऐंशीनंतरची ती वर्षं. आम्ही रत्नागिरीत एका नव्या इमारतीत पहिल्या मजल्यावर राहत होतो. आम्ही म्हणजे मी आणि ती. तुमचे आजोबा मालवाहू जहाजावर इंजिनिअर होते. नऊ-नऊ महिने ते पाण्यावर असत. त्यांचं मूळ घर गुहागरकडे, तिथे माझ्या सासूबाई एकट्या नारळ-सुपारीची वाडी सांभाळत. मुलीला शहरातली शाळा मिळावी म्हणून आम्ही रत्नागिरीत बिऱ्हाड केलं होतं. मी एका हायस्कुलात बदली शिक्षिका म्हणून इंग्रजी शिकवत असे. सकाळी तीन तास, मग घर.

मुंबईच्या कॉलेजात इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली मी. मूल कसं वाढवावं हेसुद्धा पुस्तकातून शिकता येतं, असं मला मनापासून वाटे. तुमच्या आजोबांनी कुठल्याशा बंदरावरून तसं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणून दिलं होतं. त्यावरून मी वेळापत्रक केलं आणि स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवलं. आठ वाजता दूध आणि पोळी. साडेबाराला वरणभात, भाजी. चारला दूध. साडेसातला पुन्हा पोळी, वरणभात. कपाटात जहाजावरून आलेले दुधाच्या भुकटीचे डबे ओळीने लावलेले असत. कमी कशाचीच नव्हती.

फक्त ती जेवत नसे.

चिऊचा घास, काऊचा घास करून दोन-तीन घास जात. मग ती तोंड मिटून घेई. मी घड्याळाकडे बघत बसे. अर्ध्या तासाने ती ताट माझ्याकडे सरकवी आणि म्हणे, "आई, तू." आणि मी ते खाऊन टाकी. माझ्या माहेरी पानात शीत उरलेलं चालत नसे. माझी आई, माझ्या काकू, सगळ्या जणी मुलांच्या ताटातलं संपवूनच उठत. त्यात विचार करण्यासारखं काही आहे हेच मला ठाऊक नव्हतं. तिचं झालं की माझ्यासाठी वेगळं वाढून घ्यायचा कंटाळा येई. मग थोडा भात, थोडं लोणचं. मासे मी फक्त तुमचे आजोबा घरी असताना करायचे. एकटीसाठी कोण मासे साफ करत बसणार? भाजीही तिच्यापुरती मूठभरच करी. चार वाजताचं दूध ती घेत नसे, पण चहात बुडवून बेकरीतले कडक बटर खाई, म्हणून मी चहा करी. ती एक बटर खाई, मी चार. त्या वेळी इमारतीत अगदी शांतता असे. चहा-बटर खाताना तेवढंच बरं वाटे.

दर रविवारी मी तुमच्या आजोबांना पत्र लिहीत असे. त्यांना मुलीचं सगळं बारीकसारीक हवं असे. मी लिही: सकाळी एक पोळी, दुपारी वरणभात आणि भाजी, संध्याकाळी दीड पोळी. बाय चांगली जेवते. तुमच्या आईला घरात सगळे बाय म्हणत. हे लिहिताना मी खोटं लिहिते आहे असं मला खरोखर वाटत नव्हतं. ताट रिकामं झालेलं मी माझ्या डोळ्यांनी बघितलेलं असे.

वर्षभरात माझे सगळे ब्लाउज उसवून सैल करावे लागले. तुमच्या आईचे फ्रॉक मात्र उंचीला तोकडे झाले तरी अंगात ढगळच राहिले. खालच्या मजल्यावरच्या बाई जिन्यात भेटल्या की म्हणत, "लेकीऐवजी आईनंच बाळसं धरलंय हो!" मीही हसे. एक मासळीवाली दारावर यायची, ती त्याहून सरळ. टोपली उतरवून तिने एकदा आम्हा दोघींकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

"वयनी, पोरीचा वाटा तुमीच खाताव की काय?"

"काहीतरीच काय बोलतेस!"

"मस्करी केली वो. घ्या पावशेर कोळंबी, पोरीच्या अंगाला लागंल."

मी कोळंबी घेतली नाही. त्या दिवसानंतर ती हाक मारी तेव्हा मी दार उघडेनाशी झाले.

जानेवारीत तुमच्या आईचा खोकला महिनाभर हटेना, म्हणून मी तिला डॉक्टरांकडे नेलं. म्हातारे, कमी बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी तिला वजनकाट्यावर उभं केलं, मग तिची खालची पापणी ओढून बघितली. मग मला म्हणाले, "आता तुम्ही या."

"मला काही झालेलं नाही."

"काट्यावर या तर."

मी चढले. त्यांनी माझीही पापणी ओढून बघितली. दोघींचं रक्त तपासायला दिलं. दोन दिवसांनी कागद आले तेव्हा ते म्हणाले, "हिच्या अंगात रक्त नाही. आणि तुमच्यात हिच्याहून कमी आहे."

मला हसूच आलं. "डॉक्टर, माझ्याकडे बघून तसं कोणी म्हणेल का?"

"अंग भरलं म्हणजे पोषण झालं असं नसतं. दिवसभरात काय खाता?"

मी सांगितलं. भात, लोणचं, चहा, बटर. सांगताना मला माझीच लाज वाटली. एखाद्या गरीब घरच्या बाईने सांगावं तसं ते ऐकू येत होतं, आणि मी तर कपाटभर डब्यांची मालकीण.

"आणि ही काय खाते?"

मी रविवारचं पत्र तोंडपाठ म्हटल्यासारखं सगळं म्हणून दाखवलं. एक पोळी, वरणभात, दीड पोळी. डॉक्टरांनी चष्मा काढला.

"बाई, हे तुम्ही ताटात वाढलेलं सांगताय, का पोटात गेलेलं?"

मला उत्तर माहीत होतं. तेव्हा, त्या क्षणी, पहिल्यांदा माहीत झालं.

"पोटात गेलेलं," मी म्हणाले.

त्यांनी दोघींना औषधं लिहून दिली. मी तुमच्या आईला कडेवर घेऊन घरी आले. चार वर्षांची मुलगी कडेवर असून मला घराकडचा चढही जाणवला नाही, इतकी ती हलकी होती.

यानंतर तरी मी सुधारायला हवं होतं. मी ठरवलं की तिच्या ताटातलं खायचं नाही. मग ते झाकून ठेवलं. मग ते पुन्हा तिच्यापुढे ठेवलं. मग ती रडली, मी ओरडले, आणि शेवटी मीच ते खाल्लं. रविवारी लिहिलं, बाय चांगली जेवते. आता मात्र ते खोटं होतं, आणि मला ते कळत होतं. हे कळलं तर घरचे म्हणतील, हिच्याने एक मूल सांभाळवत नाही. मूल माझ्याजवळून काढून नेतील. ते एकच भय मला होतं.

फेब्रुवारीत एका रात्री, आमची जेवणं उरकल्यावर, सासूबाई नारळाचं पोतं घेऊन आल्या. दारातच त्यांनी नातीला जवळ ओढलं आणि तिच्या दंडाला बोटांचा वेढा घालून बघितला. मग माझ्याकडे बघितलं.

"काय गो, पोर सुकली नि तू फुगलीस?"

"खोकला होता तिला."

"खोकल्यानं दंडाचं मांस जातं काय? काय खाते ती?"

"सगळं खाते."

त्यांनी पोतं भिंतीशी सरकवलं. मग म्हणाल्या, "चार महिने माझ्याकडे दे हिला."

जिचं मला भय होतं ती गोष्ट अशी समोर आली, आणि मी लगेच हो म्हणाले. का ते सांगते, कारण हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. सासूबाई दोन दिवस राहणार होत्या. दोन दिवस म्हणजे चार जेवणं. त्या आमच्याजवळ बसल्या असत्या, तुमच्या आईने ताट सरकवलं असतं आणि त्यांना सगळं दिसलं असतं. म्हणून मी म्हणाले, माझी शाळा आहे, तुम्ही उद्याच सकाळच्या गाडीने निघा, ऊन लागणार नाही. माझी चूक झाकण्यासाठी मी माझी मुलगी देऊन टाकली.

घर रिकामं झालं. पहिल्या दिवशी मी साडेबाराला तिचं ताट मांडलं आणि मग उचलून ठेवलं. एका माणसाला तांदूळ किती लागतात ते मला ठरवता येईना. वेळापत्रक दारावर तसंच होतं. मी त्याच वेळा पाळत राहिले, कारण दुसऱ्या कुठल्या वेळा मला माहीत नव्हत्या. शेजारी सगळी कुटुंबं होती. भिंतीपलीकडून पोरांना दटावल्याचे, वाट्या पडल्याचे आवाज येत. मी शाळेतून येऊन कोणाशीही न बोलता तिन्हीसांज करी. आणि रविवारी पत्राला बसे. ती इथे नाही हे मी त्यांना कळवलंच नाही. तीन रविवार मी लिहीत राहिले: दुपारी वरणभात, संध्याकाळी दीड पोळी.

मग सासूबाईंचं पोस्टकार्ड आलं. चौथी झालेल्या होत्या त्या, मोठ्या अक्षरात लिहीत. "बाय चांगली जेवते. काळजी नसावी."

माझंच वाक्य होतं ते. माझा त्यावर अजिबात विश्वास बसेना.

शनिवारी शाळेतून रजा घेऊन मी पहाटेच निघाले. चिपळूणला गाडी बदलली. गुहागरला पोचले तेव्हा दुपार झाली होती. न कळवता आले होते, म्हणून मागच्या दाराने गेले. पडवीत दोघी जेवायला बसल्या होत्या. सासूबाईंच्या पानात बांगडा होता. तुमच्या आईच्या पुढ्यात भाकरी आणि कुळथाचं पिठलं. तिने मला बघितलं. धावत येईल असं मला वाटलं. ती जागची हलली नाही. तिने फक्त ताट माझ्या दिशेने सरकवलं.

"आई, तू."

सासूबाईंचा घास हातातच राहिला.

"असं करते काय ती?"

"हो."

"नि तू खातेस?"

"हो."

"रोज?"

मी मान हलवली. त्या उठल्या, ते ताट उचललं आणि उरलेली भाकरी कुसकरून अंगणात टाकली. कोंबड्या धावल्या. मी ओरडले, "अहो, अन्न आहे ते!"

"मग? कोंबड्या काय दगड खातात?" त्या परत येऊन बसल्या. "शिकलेली ना गो तू? कोंबड्यांच्या वाट्याचं सगळं स्वतःच्या अंगाला लावून घेतलंस!"

"पण तिने अर्धीच खाल्ली."

"अर्धी खाल्लान ना, ती चांगली. आली तेव्हा पाव खात होती." मग माझ्यासमोर ताट आलं. भात, बांगडा, माठाची भाजी. "आता तू जेव."

मी चार घास खाल्ले आणि सवयीने मुलीकडे बघितलं.

"तिच्याकडे बघू नको. आपल्या पानात बघ."

कितीतरी महिन्यांनी माझ्यासमोर कोणी माझ्यासाठी वाढलेलं ताट होतं. मी बांगड्याचे काटे एकेक करून फार वेळ काढत बसले. सासूबाईंनी ते बघितलं असावं, पण त्या कोंबड्यांकडे तोंड करून बसल्या.

रविवारी परत आल्यावर मी तुमच्या आजोबांना खरं पत्र लिहिलं. मुलगी आईंकडे आहे. तिचं जेवण मी खात होते. इतके दिवस लिहिलेलं सगळं ताटातलं होतं, तिच्या पोटातलं नव्हतं. माझ्याही अंगात रक्त नाही. मी एकटी जेवते आणि मला जेवावंसं वाटत नाही. शेवटचं वाक्य दोनदा खोडलं आणि तिसऱ्यांदा राहू दिलं.

उत्तर यायला सात आठवडे लागले. ते चांगलं पत्र होतं. रागाचा एक शब्द नव्हता. मुलीला पुन्हा कोणत्या डॉक्टरांना दाखवावं, कोणतं औषध ते पुढच्या बंदरावर घेतील, सगळं मुद्देसूद. माझ्या रक्ताबद्दल काही नव्हतं. एकटीच्या जेवणाबद्दलही नव्हतं. शेवटी होतं: मी येईपर्यंत तिला आईकडेच राहू दे, हे तुलाही सोपं जाईल.

त्यामुळे चार महिन्यांचं वर्ष झालं. जून आला तरी ती तिकडेच राहिली, तिथल्याच बालवाडीत जाऊ लागली. तुमची आई त्या वर्षाबद्दल फार आनंदाने बोलते. समुद्र, कोंबड्या, आजी. ती तिकडे का होती हे तिने कधी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. मी इकडे औषधाच्या गोळ्या घेत होते. एकटीसाठी भाजी चिरायची आणि एकटीसाठी दोन बांगडे तळायचे, हेही शिकत होते. ते मला इंग्रजी व्याकरणापेक्षा अवघड गेलं.

दर शनिवारी मी जात असे आणि रविवारी दुपारच्या गाडीने परतत असे. सासूबाई तिला घेऊन स्टँडवर पोचवायला येत. सुरुवातीला ती रडायची. पाऊस संपेपर्यंत ती रडायचंही थांबली. वाडीतला एखादा पेरू तिच्या हातात असे. मी खिडकीशी बसे. ती किती खाते ते बघायचं नाही असं मी दर वेळी ठरवी, आणि दर वेळी बघत असे. तिचं माझ्याकडे लक्ष नसे. गाडी वळेपर्यंत निम्मा पेरू खाऊन झालेला असायचा.