भाजलेली माती

आयुष्यभर भट्टीपाशी काम केलेल्या माणसाच्या हाती बाग देऊ नये. मी स्टील प्लांटमधून निवृत्त झालो, जुनवानीला घर बांधलं आणि कुंड्यांच्या मागे लागलो. मातीत किडे दिसले तेव्हा मला एकच इलाज सुचला. अंगणात विटा मांडल्या, त्यावर पत्रा ठेवला आणि माती भाजायला घेतली.

"माती कावून भाजून राहिले तुम्ही? पोळ्या करता का तिच्या?" बायकोने विचारलं.

"तुले नाही समजत. टेम्परेचर चढलं की सगळी घाण मरते."

त्या मातीत मी बायकोच्या आईचं वालाचं बी पेरलं. आई गेल्यावर दोघी बहिणींनी वाटून घेतलेलं, तेवढीच तिची खूण. रोपं वीतभर वाढून पिवळी पडली. मी ताबडतोब चौकशी समिती नेमली, स्वतःच अध्यक्ष झालो आणि सासूच्या बियाला दोषी ठरवलं. कुम्हारीला राहणाऱ्या मेहुणीला फोन केला, "बी खराब आहे, फेकून दे." तिने फेकलं.

उरलेले चार दाणे बायकोने मागच्या भिंतीशी साध्या मातीत टोचले. तो वेल टाकीपर्यंत चढला. शेजाऱ्यांना मात्र मी सांगायचो, "मेहनत आहे हो आमची."

उन्हाळ्यात मुलगी आली. ती कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. भाजलेल्या मातीचं पोतं पाहून तिने कपाळावर हात मारला.

"बाबा, मातीत चांगली बुरशी असते. मुळं पोचत नाहीत तिथलं खत तिचे धागे आणून देतात, वेल तिला साखर देतो. तुम्ही तर पूरी मार डाली! आजीचं बी एकदम ठीक होतं."

तिने पोत्यातल्या मातीने दोन कुंड्या भरल्या, एकीत भिंतीजवळच्या वेलाखालची माती मिसळली आणि दोन्हींत त्याच वेलाचं बी लावलं. मिसळलेल्या कुंडीतला वेल कपड्यांच्या तारेवर गेला. दुसरा माझ्यासारखाच बसून राहिला.

परवा वेलाचं बी डबीत घेऊन मी कुम्हारीला गेलो. बसमध्ये पाठ केलेलं मेहुणीसमोर म्हटलं, "बी चांगलंच होतं. माती मी भाजली होती."

तिने डबी उघडली. दाणे तळहातावर ओतले.

"हे तर भाजून नाही आणलं ना, भाऊजी?"

मग तिने मला परसात खड्डे करायला लावलं. त्याआधी स्वयंपाकघरातली काडेपेटी उचलून वरच्या फळीवर ठेवली.