धर्मशाळेचं एलेव्हेशन

टेपचं एक टोक माझ्या हातात होतं आणि दुसरं घेऊन नाना शिडीवर चढले होते. धर्मशाळेच्या दर्शनी खांबांची उंची घेणं चाललं होतं. आमच्यामुळे कापसाच्या गाड्या अडल्या होत्या आणि गाडीवान तोंडाला येईल ते बोलत होते. त्यांचंही चुकत नव्हतं. रस्ता अरुंद, आणि धर्मशाळेचा ओटा त्यात पुढे आलेला. म्हणून नगरपालिकेला ती पाडायची होती. फक्त पूर्वजांनी पुण्य म्हणून बांधलेली वास्तू पाडायला मेंबर मंडळी कचरत होती.

स्वातंत्र्यानंतरची ती सुरुवातीची वर्षं. धरणगावच्या बाजूला एका नगरपालिकेत मी ड्राफ्ट्समन होतो. गावाचं नाव सांगत नाही, तिथे अजून माझे सोयरे आहेत. नाना माझे ड्रॉइंगचे मास्तर. मुंबईला आर्किटेक्चर शिकून ते जळगावला परतले, पण इथे आर्किटेक्ट कोणाला हवा होता? लोक थेट गवंड्याला बोलवत. नानांनी जन्मभर शाळेत शिकवलं, सुट्टीत मेहरूणच्या तळ्याकाठी बसून वॉटरकलर केले, आणि स्वतःची म्हणावी अशी एकही इमारत त्यांच्या हातून उभी राहिली नाही. ती खंत त्यांना लपवता येत नसे. ही धर्मशाळा दाखवायला मात्र ते दरवर्षी मुलांना घेऊन येत.

पाडायचं ऐकून ते पहिल्या गाडीनं आले. म्हणाले, "लोक बघत नाहीत, म्हणून पाडतात. आपण त्यांना दाखवू."

दाखवायचं म्हणजे मेझर्ड ड्रॉइंग. नवी इमारत आधी कागदावर येते, मग जमिनीवर. इथे उलटं. उभी इमारत इंच न् इंच मोजून कागदावर उतरवायची. आमच्या इंजिनिअर साहेबांनी, रविवारी काय हवं ते करा, म्हणून हात झटकले.

प्लॅन मी काढला. समोरचा चेहरा, ज्याला आम्ही एलेव्हेशन म्हणतो, नानांनी घेतला. त्यावर रंगाचा वॉश द्यायचा असतो, म्हणजे पातळ रंगाचा सपाट थर. तो एका दमात ओढावा लागतो, मध्ये थांबलात की डाग पडतो. आमच्याकडच्या एप्रिलात रंग कुंचल्यावरच वाळतो. नाना डोक्याला ओलं फडकं बांधून बसत. त्यांचा हात तेव्हा कापू लागला होता. तरीही सागवानी तुळयांवरचे कोरीव पोपट, ओट्यावरची निळसर सावली, सगळं उतरलं. हे गुरुभक्तीनं सांगत नाही. नाना तापट होते आणि माझे कितीतरी कागद त्यांनी फाडलेत. पण असं एलेव्हेशन मी पुन्हा पाहिलं नाही.

मीटिंगमध्ये ते टेबलावर पसरलं. मेंबर खुर्च्या सोडून उठले. एक जण म्हणाला, जन्म गेला इथून जाण्यात, पण हे पोपट कधी दिसले नाहीत. नानांनी माझ्याकडे पाहिलं. आपण जिंकलो, असं मलाही वाटलं.

अध्यक्षांना सगळे आबा म्हणत. कापसाचे व्यापारी, माणूस वाईट नव्हता. त्यांनी कागद दोन्ही हातांनी उचलून डोळ्यांजवळ नेला.

"मास्तर, धर्मशाळा आते कागदवर शे," ते म्हणाले. "बठ्ठी शे. पोपटबी शेतस. मंग पाडाले काय हरकत शे?"

सगळी धर्मशाळा, पोपटांसकट, कागदावर आली, मग पाडायला हरकत काय, या विचारण्यात टोमणा नव्हता. आबांना खरंच समाधान वाटलं होतं. मेंबरांच्या मनावरचंही ओझं उतरलं. ठराव एकमतानं झाला आणि त्यात नानांचे आभारही मानले.

मी नानांना पोहोचवायला स्टँडवर गेलो. गाडीत चढताना ते म्हणाले, "वाईट काढायला हवं होतं रे." मला रडू आलं. त्यांना दिसू नये म्हणून मी त्यांची पिशवी वर ठेवण्यात वेळ काढला.

पावसाळ्याआधी धर्मशाळा गेली. चित्र फ्रेम करून आबांच्या खोलीत लावलं, नेमकं पश्चिमेच्या खिडकीसमोर. वॉटरकलरला ऊन खातं. मी आबांना तसं सांगितलं, तर ते म्हणाले, खिळा तिथेच आहे. दोन उन्हाळ्यांत सावली उडाली, मग पोपट उडाले. शेवटी पेन्सिलीच्या रेघा तेवढ्या उरल्या. नाना ते पाहायला कधी आले नाहीत आणि मी त्यांना सांगितलंही नाही.

रस्ता रुंद झाला. गाड्या आता पुढच्या चौकात अडतात. जुनी इमारत वाचवायची म्हणून माझ्याकडे कोणी ड्रॉइंग मागायला आलं, तर मी आधी विचारतो, दाखवणार कोणाला? कमिटीला म्हणाले, तर मी सांगतो, चांगलं काढून घेऊ नका.