कापलेलं पितळ

मोतीरामभाऊ गेल्याची बातमी आली तेव्हा आमचा बॅण्ड सौंदडला वरातीत होता. नवरदेव घोड्यावर, पुढे पोरं बेभान नाचत होती, आणि गोंदियाहून गाडीनं आलेला भाऊंचा भाचा माझ्या कानाशी लागून म्हणाला, "मामा सकाळी गेले जी." मी साइड ड्रम वाजवतो, सगळ्यांच्या मागे चालतो, म्हणून आधी मला कळलं. आता काय करायचं? भाऊंचा दंडक असा, की निघालेली वरात मांडवापर्यंत पोचवायचीच. मी काड्या चालू ठेवल्या. मांडवात टेकल्यावर बाकीच्यांना सांगितलं. त्या दिवशी जेवण कोणाला गेलं नाही. भाऊ असते तर त्यावरूनही शिव्या घातल्या असत्या.

मोतीरामभाऊ आमचे मॅनेजर. बॅण्डचा मॅनेजर म्हटल्यावर लोकांना वाटायचं, हा गृहस्थ किमान पेटी तरी वाजवत असेल. छे! सुराच्या बाबतीत ठार बहिरे. तांदळाच्या गिरणीत मुकादम होते, तिथून माणसं सांभाळायची अक्कल घेऊन आले, बस्स. ज्या साली इंग्रज गेले, त्या साली रेल्वेतले गोरे साहेबही गाशा गुंडाळून निघाले आणि त्यांच्या बॅण्डची वाद्यं मोडीच्या भावात निघाली. ती भाऊंनी उचलली. त्याच बॅण्डमध्ये साहेबांच्या हाताखाली क्लॅरिओनेट शिकलेले उस्मान मास्तरही त्यांनी उचलले. आम्ही बाकीचे धानवाले. रोवणीपासून कापणीपर्यंत आमच्या हाती वाद्य नाही, म्हणून भाऊंचा सगळा धंदा मळणीनंतर सुरू व्हायचा. लग्नाच्या तिथी जुळवायच्या, दरेकशाहून येणाऱ्या वाजवणाऱ्याला रेल्वेगाडी मिळेल अशी वेळ बांधायची, गणवेशाला इस्त्री आहे का बघायचं. आणि मुलीच्या बापाशी बोलणी करताना पहिली अट ठरलेली, "वाजवणाऱ्याईची पंगत आधी. उपाशी माणूस फुकत नाई." यावरून लग्नं अडली, पण भाऊ हलले नाहीत.

पुढे साहेबांची वाद्यं खिळखिळी झाली. जागोजागी डाग, झडपा गळक्या. भाऊंनी उत्तरेकडून नवीकोरी पितळी वाद्यं मागवली. पेट्या उघडल्या तेव्हा काय तो रुबाब! आम्ही त्यात तोंडं पाहून घेतली. आणि गिरणीच्या रिकाम्या गोदामात पहिल्यांदा सगळे मिळून वाजवायला लागलो, तर बाहेर कुत्री रडायला लागली.

मास्तरांनी क्लॅरिओनेट खाली घेतली. "ये मेल नहीं खाएगा, मॅनेजरसाब." साहेबांची क्लॅरिओनेट चढ्या सुराची, नवं पितळ उतरलेलं. आम्हाला हे ठाऊकच नव्हतं, आणि मागवणाऱ्याला तर सूर म्हणजे काय तेच ठाऊक नव्हतं. लाकडाच्या त्या नळीचा सूर उतरवता येत नाही. नवी क्लॅरिओनेट घ्यावी, तर तिच्यावर चाव्यांचं जंगल, आणि मास्तरांची साठीकडे झुकलेली बोटं जुन्या भोकांवर बसलेली. त्यांचाच चेला शंकर मात्र नवी सहज वाजवायचा. मास्तर स्वतःच म्हणाले, "मेरे लिए मत रुको. मैं घर बैठता हूँ. शंकर को खड़ा कर दो."

सगळ्यांना ते पटलं. मलाही पटलं, उगाच खोटं कशाला बोला. लग्नसराई तोंडावर, म्हातारा आपण होऊन बाजूला होतोय, मग अडलं कुठं?

भाऊंनी एकेकाला विचारलं, "तुले फरक आयकू येते?" येतो म्हणालो. "मले नाई येत," म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं नवं पितळ बैलबंडीत घालून तांबटाच्या दुकानी निघाले. मी मागे धावलो. "भाऊ, काऊन असं करून राहिले? एकदा कापलं की दुकानवाला वापस घेणार नाई!"

"पितळ कापता येते ना?"

"येते, पण..."

"मंग कापू."

नळ्या तोकड्या केल्या, डाग देऊन पुन्हा सांधल्या, सूर चढला. नव्या वाद्यांवर ते काळे सांधे बघून गावभर हसू झालं, मॅनेजरला खुळ्यात काढलं. पण मास्तर उभे राहिले आणि पुढची सगळी लग्नं त्यांनीच वाजवली. शंकर त्यांच्या शेजारी दुय्यम वाजवत राहिला. तो काय मनात धरून होता, आम्ही विचारलं नाही.

तेरवी झाल्यावर आम्ही गोदामात जमलो. मॅनेजर कोण होणार, हे ठरायचं होतं, पण ते कोणी काढेना, म्हणून वाजवायला बसलो. तालमीत भाऊ समोर पोत्यावर बसायचे. ऐकत नसत, आमचे गाल आणि गळ्याच्या शिरा बघत. कोण थकला, कोण तापात आलाय, त्यांना बरोबर कळायचं. गत संपली की मास्तर त्यांच्याकडे वळून विचारायचे, "ठीक है, मॅनेजरसाब?" भाऊ मान हलवायचे आणि आम्ही गालात हसायचो. ज्याला सा कळत नाही, त्याची परवानगी!

त्या दिवशीही गत संपली आणि मास्तर सवयीनं वळले. "ठीक है..." पोत्यावर कोणी नव्हतं. मग खाली बसून त्यांनी क्लॅरिओनेटचे सांधे सोडवले, एकेक तुकडा पुसला आणि फडक्यात गुंडाळायला घेतला. "अब नई मँगवा लो, बेटा," शंकरला म्हणाले. आता त्यांना राहा म्हणणारं कोणी नव्हतं, आणि शंकरला अडवणारंही. मला भाऊंचा राग आला. इतका की डोळ्यांत पाणी आलं. माणसानं असं मध्येच उठून जावं?

शंकर उठला. त्यानं फडकं उलगडलं, क्लॅरिओनेट जोडली आणि मास्तरांच्या हातात दिली.

"ठीक नाई झालं, मास्तर," तो म्हणाला. "आखीन एकदा घ्या. पयल्यापासून."

मास्तरांनी क्लॅरिओनेटची पट्टी ओठाला लावली, आणि मी ड्रमवर काडी टाकली.